सलामाचं उत्तर

स्फाक्स शहरातले निवृत्त टपाल कारकून शादली जुन्या गल्लीच्या आठवणी एका फुकटच्या ब्लॉगवर लिहीत. वाचक कुणी फिरकत नसे. यायचे ते केसांचं तेल विकणारे; "सलाम, छान लिहिता" म्हणायचे आणि खाली आपली लिंक चिकटवायचे. सलामाला उत्तर द्यायलाच हवं, म्हणून शादली प्रत्येकाला चार ओळी लिहीत.

"बाबा, ती माणसं नाहीत, मशीन आहे," मुलगी रौदा हसायची. "उद्या वाऱ्याने कडी वाजली तरी चहा टाकाल तुम्ही."

ईदच्या महिनाभर आधी एका सकाळी चारशे सलाम येऊन पडले. शादलींचं डोकंच फिरलं. "मरा मेल्यांनो," म्हणत त्यांनी न वाचताच सगळे पुसून टाकले.

ईदला समुद्रापलीकडून, मार्सेयहून फोन आला. चाळीस वर्षांपूर्वी तिकडे गेलेल्या बालमित्राचा, लामीनचा मुलगा बोलत होता.

"काका, बाबा गेले. गेल्या महिन्यात तुमचा ब्लॉग सापडला, तर लगेच सलाम लिहिला त्यांनी. मग रोज उघडून बघायचे, तुमचं उत्तर आलंय का."

शादलींना त्या सकाळी न वाचता पुसलेले चारशे सलाम आठवले. तेलवाल्यांना ते वर्षभर उत्तरं देत आले होते.