निंगीचा शूर हात

चाळीतल्या बाया महानंदाबाईंना ‘चिखलबाई’ म्हणायच्या. तोंडावर नाही, पण बाईंना ऐकू जाईल इतपत मोठ्यानं. आणि का म्हणू नये? पोरगं सकाळी धुऊन-पुसून, वेणीफणी करून बालवर्गात पाठवावं, तर दुपारी ते कोपरापर्यंत माती माखून घरी यायचं. चिखलातच लोळायचं तर ते घरीही लोळतंय की, त्याला शाळा कशाला, असा त्यांचा सवाल होता.

सोलापुरात गिरणीच्या चाळीमागं पत्र्याच्या शेडमध्ये हा वर्ग भरायचा. एकोणीसशे तेहतीस-चौतीसचा तो सुमार. आईबाप पाळीवर गेले की पोरं गटाराच्या कडेला वाऱ्यावर सोडलेली असायची, म्हणून चार भल्या माणसांनी वर्गणी काढून ही शेड उभारली आणि महानंदाबाईंना बोलावून आणलं. बाई मूळच्या मंद्रूपच्या. लग्न झालं आणि मानमोडीच्या तापात नवरा गेला, सगळं अंगाला हळद असतानाच. भावानं हिंमत करून पुण्याला ट्रेनिंगला धाडलं. तिथून बाई एकच गोष्ट डोक्यात घेऊन आल्या: लहान पोर हातानं शिकतं, पाठीवर धपाटे खाऊन नाही. आल्या आल्या त्यांनी पाट्या कोपऱ्यात रचून ठेवल्या.

मग काय, पोरं वाफे करायची, हरभरा पेरायची, मुंग्यांच्या रांगेमागं पोटावर सरपटायची. पण पोरांचा जीव होता तो एकाच खेळावर. डोळे मिटून हात पुढं करायचा. बाई तळहातावर काहीतरी ठेवणार. ते काय ते ओळखायचं. कधी सरकी, कधी बाभळीची शेंग, कधी रुईचं पान. डोळ्यांवर फडकं मात्र बाई कधी बांधत नसत. पोरावर विश्वास टाकला की पोर खोटं वागत नाही, असं त्यांचं ठाम मत. भारी हट्टी बाई.

या खेळात सगळ्यांत हुशार निंगी. गिरणीच्या रिळिंग खात्यात सूत गुंडाळणाऱ्या गुरम्माची ही एकुलती एक लेक, सहा-सात वर्षांची, बापाविना वाढलेली, घरी कानडी बोलणारी. बाकीची पोरं चाचपडत बसायची. निंगी हनुवटी वर करून क्षणभर थांबायची आणि बरोबर सांगायची. शिवाय शूर किती! निवडुंगाची लाल बोंडं काढायला दुसरं कुणी धजायचं नाही. त्यांच्यावरची बारीक कुसळं बोटात शिरली की दोन दिवस जीव हैराण. निंगी उजवा हात खुशाल घालायची, सगळ्यांसाठी बोंडं काढायची आणि बाई चिमट्यानं कुसळं उपटायला बसल्या की खुदुखुदु हसायची. बाईंना केवढं कौतुक! काटा लागून कुणी भोकाड पसरलं की त्या म्हणायच्या, निंगीकडं बघा जरा, आहे का तिच्या डोळ्यात पाणी? आणि निंगी फुलून यायची. दुसऱ्या दिवशी आणखी काटेरी काहीतरी मुठीत धरून आणायची, बाईंना दाखवायला.

इथंच बाईंचं चुकलं. इतकी शहाणी बाई, पोराच्या हाताशिवाय दुसरं काही न बघणारी, आणि हा हात तिला दिसू नये!

संक्रांत झाल्यावर बाईंनी पोरांना मंद्रूपच्या वाटेवर ओळखीच्या रानात हुरडा खायला नेलं. ज्वारी दुधात कशी असते, दाणा कसा भरतो, हे पोरांनी कणीस सोलून बघितलं. मग आगटी पेटली. भाजलेलं कणीस पोत्याच्या तुकड्यात धरून चोळायचं, असं बाईंनी दाखवलं. पोरं ओरडत होती, फुंकरा मारत होती. निंगीनं पोत्याचा तुकडा टाकून दिला, निखाऱ्यातलं कणीस तसंच उचललं आणि तळहातावर चोळायला लागली. चोळते आहे, चोळते आहे, आणि नजर बाईंवर.

जळक्या कातडीचा वास बाईंना आला तेव्हा कुठं त्या धावल्या. करंगळीच्या बाजूचं सालटं सोलून दाण्यांना चिकटलं होतं. निंगी हसत होती. बाईंनी तो हात धरला आणि पहिल्यांदाच नीट पाहिला. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट किंचित वाकलेली, सरळ होईनात. बाही वर केली तर मनगटाच्या वर फिकट, कोरडा चट्टा. मंद्रूपच्या बाजारात देवळाच्या पायरीशी बसणाऱ्या माणसांचे हात बाईंनी लहानपणापासून पाहिले होते. कुसळं उपटताना ही पोर हसायची, ती का हसायची ते आत्ता कळलं. शाबासकी देऊन देऊन त्यांनीच तिला काट्यात लोटलं होतं.

संध्याकाळी हात फडक्यात गुंडाळून बाई तिला घेऊन गुरम्माच्या खोलीवर गेल्या. गुरम्मानं फडकं पाहिलं, बाईंचा चेहरा पाहिला आणि दोघींना आत घेऊन दार लावून घेतलं.

“मला ठाव हाय बाई,” ती म्हणाली. “पंचमीपासनं ठाव हाय. तेल लावतीया रोज. पर ती तुमच्या शाळंत हाय तवर चार पोरींसारकी पोरगी हाय. तेवढं ऱ्हाऊ द्या की.”

तिचं भय काही उगाच नव्हतं. मागल्या साली पलीकडच्या चाळीत एका म्हाताऱ्याला महारोग असल्याचा बोभाटा झाला. लोकांनी त्या बिऱ्हाडाचं नळावरचं पाणी तोडलं, भांडी रस्त्यात फेकली. सून धडधाकट, पण तिलाही गिरणीच्या फाटकात पाऊल टाकू दिलं नाही. शेवटी ती माणसं कुठं गेली ते कुणी विचारलंसुद्धा नाही. आता निंगीचं नाव बाहेर फुटलं तर गुरम्माची पाळी जाणार, खोली जाणार, पोर जाणार. आणि नाही फुटलं तर? त्याच वाफ्यात सगळ्या पोरांचे हात, आणि निंगीची बोटं रोज थोडी थोडी मरत राहणार.

बाईंनी मधला मार्ग काढला. निदान डॉक्टरला दाखवू. डॉक्टर तो रोग नाही म्हणाले तर मी जन्मात शब्द काढणार नाही, असं त्यांनी गुरम्माला वचन दिलं. गुरम्मा कशीबशी तयार झाली.

दवाखान्यात ही गर्दी. डॉक्टर घाईत होते, पण माणूस वाईट नव्हता. लवकर सापडलं तर सुया आहेत, बोटं वाचतात, मात्र पोरीला परगावच्या आश्रमात ठेवावं लागेल, असं त्यांनी आधीच सांगितलं. मग कापसाची वात आणि टाचणी घेतली आणि निंगीला म्हणाले, डोळे मीट आणि कुठं लागतंय ते सांग.

निंगीचा चेहरा उजळला. हा तर तिचा खेळ! तिनं हनुवटी वर केली. डॉक्टरांनी चट्ट्यावर वात फिरवली. निंगी म्हणाली, हितं. करंगळीवर टाचणी टेकवली, हितं. कोपराशी, मनगटाशी, हितं, हितं. एकदाही चुकली नाही. डॉक्टरांनी टाचणी खाली ठेवली. संवेदना शाबूत आहे म्हणाले, चट्टा साधा दिसतोय, भाजलंय त्याला मलम देतो. गुरम्मानं भिंतीला डोकं टेकलं आणि हुंदके देत हसायला लागली. देव्हाऱ्यातला दिवा इतके दिवस विझू दिला नव्हता, ते फळाला आलं, असं ती कानडीत पुटपुटत होती.

बाई मात्र त्या वर केलेल्या हनुवटीकडं बघत राहिल्या. वर्षभर त्यांनी ती पाहिली होती. हनुवटी वर केली की मिटल्या पापण्यांच्या खालच्या फटीतून आपला हात दिसतो. हुशार हात म्हणे! पोर बघत होती. पहिल्या दिवसापासून बघत होती, कारण हाताला काहीच कळत नव्हतं आणि बाईंची शाबासकी तर हवी होती.

आता गप्प बसलं की संपलं. डॉक्टर नाही म्हणाले होते. वचन पाळायला बाईंना काहीच करायचं नव्हतं, नुसतं उठून घरी जायचं होतं. गुरम्मानं त्यांचे पाय धरायला हात पुढं केले होते.

“डॉक्टर,” बाई म्हणाल्या, “तिचे डोळे बांधून बघा.”

गुरम्माचे हात तिथंच थांबले. बाईंनीच मग आपल्या पदरानं निंगीचे डोळे घट्ट बांधले, कारण दुसऱ्या कुणाला तिनं बांधू दिले नसते. डॉक्टरांनी टाचणी करंगळीत टोचली. निंगी गप्प. आणखी खोल टोचली. रक्ताचा थेंब आला, ओघळून मनगटावर गेला. निंगी हात पुढं धरून वाट बघत होती.

“बाई, कवा सुरू करनार?” तिनं विचारलं.

गुरम्मानं पदर तोंडात कोंबला होता. बाईंनी डोळ्यांवरचा पदर सोडला तेव्हा निंगीनं आधी रक्त पाहिलं, मग आईला पाहिलं, आणि घाबऱ्या आवाजात विचारलं, “माजं चुकलं व्हय?”

“नाही गं,” बाई म्हणाल्या. आणि वर्गात म्हणायच्या तसंच म्हणाल्या, “शाबास.”

निंगी हसली. तिनं घाईघाईनं फ्रॉकला पुसून दुसराही हात डॉक्टरांपुढं केला.