राखेतले रंधे

युसूफभाई स्वतः मालक, पण कारागिराची पटाशी त्याला विचारल्याशिवाय उचलत नसत. "किसनबाबा, घेऊ का?" म्हणून हात पुढे करायचे आणि होकार मिळेपर्यंत तसाच धरून ठेवायचे. सत्तरच्या दशकात सातपूरला त्यांच्या कारखान्यात मी टायपिस्ट म्हणून लागले, तेव्हा मला याचं हसू यायचं. लोखंडाचे भाग ओतण्याआधी साचा पाडायला लाकडी नमुने लागतात, ते तिथे बनत. मशिनं मालकाची, रंधे, पटाश्या मात्र ज्या त्या सुताराच्या स्वतःच्या.

एका सुट्टीच्या दिवशी वायरिंगमधून ठिणगी उडाली आणि शेड जळाली. आत कुणी नव्हतं, एवढंच नशीब. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही सगळे फाटकाशी उभे होतो. विमा कंपनीचा माणूस पाहणी करेपर्यंत काही हलवायचं नव्हतं. सायखेड्याचे किसनबाबा काही केल्या खाली बसेनात. "माझ्या बापाचा रंधा हाय आत," एवढंच म्हणत होते.

"पहले चाय," युसूफभाई म्हणाले. कुठल्याही संकटात हेच त्यांचं पहिलं वाक्य. "रडायचंच असेल तर चहा पिऊन रडू."

शेजारच्या शेडच्या मालकांनी त्यांना बाजूला घेतलं. "हत्यारंही तुमचीच म्हणून सांगा. विम्यात बसतील. कोण विचारतंय?"

पाहणीला आलेले साहेब तरुण होते, भले होते. जळक्या बाकांजवळ थांबून त्यांनीच विचारलं, "ही हत्यारं कारखान्याचीच ना?"

युसूफभाईंनी किसनबाबांकडे पाहिलं. "नाही साहेब. यांची आहेत."

"मग क्लेममध्ये धरता येणार नाहीत."

"नका धरू. माझं नाही ते माझं कसं सांगू?"

मला त्यांचा रागच आला. सुतारांचं नुकसान आता कोण भरून देणार? साहेबांनी हातातली वही मिटली. मग म्हणाले, "क्लेममध्ये नाहीत, तर अडकवून ठेवायचंही कारण नाही. माझे फोटो झाले की ज्याचं त्याला नेऊ द्या."

त्याच दुपारी वाळूच्या चाळणीतून राख चाळणं सुरू झालं. युसूफभाई गुडघ्यांवर बसले होते, एकेक पातं वर धरून "कुणाचं हे?" विचारत होते. आगीनं पोलादाचं पाणी, म्हणजे धार टिकवणारा कडकपणा, उतरलं होतं; पंचवटीतल्या लोहाराकडून ते पुन्हा देऊन आणलं. मुठी सुतारांनीच घडवल्या. किसनबाबांनी बापाच्या रंध्याला नवं लाकडी अंग केलं, आणि लाकडाची पहिली ढलपी निघाली तेव्हा ती नाकाशी धरून हसले. क्लेमचा निकाल लागायला फार वेळ गेला. तोवर ताडपत्रीखाली हातानं काम चालूच होतं. एकही माणूस दुसरीकडे गेला नाही.

युसूफभाई जाऊन आता बरीच वर्षं झाली. त्यांचं नाव निघालं की मला नव्या शेडमधली एक सकाळ आठवते. विमा नव्यानं उतरवायचा होता. युसूफभाईंनी एजंटला विचारलं, "कारीगर लोकांचं स्वतःचं सामान यात घेता येतं का?" येत होतं, आम्हाला ते कुणी सांगितलंच नव्हतं. कुणाचं काय सामान, ती यादी मी टाईप करायला बसले. सुतारांची नावं संपली तसे ते म्हणाले, "बेटा, तुझं काय जळलं होतं?"

मी कुणालाच बोलले नव्हते. माझ्या टेबलाच्या खणात आईसाठी विणायला घेतलेला स्वेटर होता, अर्धाच झालेला.

"तेवढंसं काय लिहायचं, युसूफभाई?"

ते खुर्ची ओढून माझ्या शेजारी बसले. "रंग कोणता होता, ते सांग आधी."