आधी आईनं खेळायचं

दोन हजार चार सालच्या दिवाळीच्या सुट्टीत, राजारामपुरीतल्या आमच्या गल्लीत, भर दुपारी पंधरा-वीस माणसं गाडीखाली आली. त्याला सर्वस्वी मी जबाबदार होतो. माणसं कॉम्प्युटरच्या पडद्यावरची होती, एवढंच माझं नशीब.

झालं असं की बसव्वाक्कांच्या व्हिडिओ गेमच्या दुकानात नव्या सीड्या आल्या होत्या. अक्कांना भांडायला मराठी आणि कन्नड दोन्ही सारख्याच येत, पण इंग्रजीचा गंध नव्हता. मी बँकेत असल्यामुळे मला सगळं इंग्रजी कळतं, असा त्यांचा समज. तो मी कधी मोडला नव्हता.

"साहेब, ह्यातलं बारक्या पोरांचं कुठलं आनि मोठ्यांचं कुठलं, तेवढं येगळं करून द्या की."

मी चहा पीत पीत वाटणी केली. तलवार दिसली की मोठ्यांत, गाडी दिसली की बारक्यांत. एका गाडीवाल्या सीडीवर कोपऱ्यात लाल गोलात अठराचा आकडा होता. आत अठरा गाड्या असतील, असं मी धरून चाललो.

त्या खेळात गाडी आधी चोरायची असते. मग ती रस्त्यावरच्या लोकांच्या अंगावर घालायची, आणि पोलीस आले की त्यांच्याही. हे पोरांना कुणी शिकवावं लागलं नाही. आमचा वृषभ, वय वर्षं दहा, सगळ्यांच्या पुढं. आमचं घर जैन, मूळचं कागलचं; माझी आई अजून तिथंच असते. सूर्य मावळला की आम्ही ताटावर बसत नाही आणि मुंग्यांची रांग दिसली की वळसा घालतो. पिठाचा कोंबडा करून कापला तरी पाप खऱ्याचंच लागतं, हे वृषभनं आईच्या मांडीवर बसून ऐकलेलं. ती आई, म्हणजे आमची अरुणा, त्याला दूध प्यायला बोलवायला दुकानात गेली, तेव्हा चिरंजीव ओरडत होते, "म्हातारीबी गेली!"

संध्याकाळी गल्लीतल्या सगळ्या आया दुकानासमोर जमल्या.

"अक्का, दुकान बंद करा," अरुणा म्हणाली.

"बंद म्हंजे बंदच!" शालूबाईंनी पदर खोचला. "आमचं गुंडू झोपंत 'चिरड, चिरड' म्हनायलंय!"

"अवो, झोपला कवा त्यो? आत्ताच तर खेळून गेला."

"दुपारी डोळा लागलाता त्येचा!"

अक्का भांडण सोडून कॉम्प्युटर पुसू लागल्या. त्यांनी भांडण सोडलं म्हणजे प्रकरण गंभीर. त्यांचे यजमान गुरुसिद्धअप्पा गेल्यावर मुलगा श्रीशैल यानं त्यांच्या बांगड्यांच्या दुकानात तीन कॉम्प्युटर बसवले, आईला चालू-बंद करायला शिकवलं आणि नोकरीसाठी बेंगळूर गाठलं. जाताना बजावलं होतं, "दुकान चाललं तर ऱ्हा. न्हाय चाललं तर इकून टाकायचं आणि माझ्याकडं यायचं." अक्का एकदा महिनाभर तिथं राहून आल्या होत्या. नवव्या मजल्यावरचं घर, सून सौंदर्या दिवसभर ऑफिसात. "सून गुणाची हाय ओ," अक्का सांगत. "पन भांडायला खाली उतरायचं म्हटलं तर लिफ्ट!"

तेव्हा आयांनी पोरं पाठवायचं बंद केलं की अक्का नवव्या मजल्यावर, हे उघड होतं. मला अपराधी वाटलं, आणि अपराधी माणसाला वाटतं तसं, सल्ला द्यावासा वाटला.

"अक्का, वेष्टनावर वय छापलेलं असतं. पोरांकडून वयाचा पुरावा घ्यायचा."

दुसऱ्या दिवशी गुंडू बापाचं लायसन घेऊन हजर.

"फोटूत मिशा हाईत की रं," अक्का म्हणाल्या.

"काल भादरल्या."

अक्कांनी त्याला बखोटीला धरून घरी पोचवला आणि येताना सगळ्या आयांना बोलावून आणलं. कपाळावर भस्माचे पट्टे ठसठशीत ओढलेले, इरकलीचा पदर कमरेला. "ह्यो कागदावरचा आकडा मला कळत न्हाय आनि साहेबास्नीबी कळत न्हाय," त्यांनी जाहीर केलं. "पन आमटी किती तिखट झालिया, ते पोराला वाढायच्या आदी आई जिभंला लावून बघतिया का न्हाय? मग हितनं पुढं आदी आईनं खेळायचं. तिनं म्हटलं चालतंय, तरच पोरगं बसंल. काय वैनी, बसताय?"

वैनी म्हणजे अरुणा. ती देव्हाऱ्यापुढं बसावं तशी बसली. पडद्यावर गाडी आली, हिनं खेळातला आपला माणूस गाडीबाहेरच उभा ठेवला.

"चला की!" मागून पोरं.

"गाडी कुणाची आहे ही?"

"कुनाचीबी असू दे, चोरायची असतिया काकू!"

"मालक येऊ दे, विचारून घेते."

शेवटी अक्काच म्हणाल्या, "बसा वैनी, मालकाला मी सांगतो." मग अरुणानं गाडी हाकली. सिग्नलला थांबली. रस्ता ओलांडणाऱ्यांना जाऊ दिलं. एका कुत्र्यासाठी इतकी थांबली की मागच्या गाड्यांनी हॉर्न लावले. गुंडूनं भिंतीवर डोकं टेकलं. एवढं करूनही एक इसम स्वतःहून बॉनेटवर येऊन आपटला. अरुणा उठून उभी राहिली, हात जोडले आणि णमोकार म्हणू लागली.

निकाल असा लागला: "वृषभनं हे खेळायचं नाही. अठराव्या वर्षीही नाही. ते पलीकडं विटा रचायचं आहे, ते चालेल."

मग शालूबाई बसल्या. पहिल्या वळणापर्यंत त्यांना जमेना. दुसऱ्या वळणाला जमलं.

"सरक की मुडद्या! दिसत न्हाय व्हय रं गाडी? घे मग!"

"शालूबाई, पोलीस आलं!"

"येऊ दे की! ह्येलाबी घेतो!"

घरी आमटीखालची चूल विझली तरी बाई उठेनात. शेवटी घाम पुसत त्यांनी निकाल दिला, "लई वंगाळ खेळ हाय. पोरास्नी अजाबात न्हाय द्यायचा." मग आवाज खाली आणून, "अक्का, दुपारी कवा उघडता?"

तेव्हापासून संध्याकाळी पोरं विटा रचू लागली आणि दुपारी, भांडी झाल्यावर, आया गाड्या चोरू लागल्या. एकीचं मूल मधे डोकावलं की सगळ्या मिळून त्याला हाकलत, "जा रं, मोठ्यांचं हाय हे!" श्रीशैलचा फोन आला, की अक्का ओरडून सांगत, "यप्पा, दुपारी बायका खुर्ची सोडंनात, बेंगळूरला कवा येऊ मी?"

एका रविवारी दुकानात शुकशुकाट होता. मी सहज गेलो. सहज म्हणजे, अरुणा देवळात गेली आहे हे बघून गेलो. ती लाल गोलाची सीडी समोरच होती.

"अक्का, एवढं काय आहे यात, बघतो जरा बसून."

अक्कांनी सीडी उचलून पदराखाली घेतली.

"अहो, मी बेचाळीस वर्षांचा आहे!"

"कागलास्नं तुमच्या आईला घिऊन या."