हजार खोटी आकाशं आणि एक गार डाग

समजा, तुमच्यापुढे सगळ्या आकाशाचा एक नकाशा ठेवलाय. विश्वाच्या बालपणीचा उजेड, आता गारठलेला. तापमान सगळीकडे जवळपास सारखं. फरक असलाच तर लाखात एखाद्या भागाचा. त्यात एक डाग जरा जास्तच गार दिसतो. तो सहज पडलाय की त्यामागे काही आहे, हे कसं ठरवाल?

खगोलशास्त्राच्या एका संस्थेत संशोधन करणाऱ्या ताईने संगणकावर निव्वळ योगायोगाने घडणारी हजार खोटी आकाशं बनवली आणि प्रत्येकात तेवढाच मोठा, तितकाच गार डाग शोधला. फक्त सहांत सापडला, म्हणजे असा डाग सहज पडणं दुर्मीळच. दोन वर्षं घासल्याचं चीज झालं! शुक्रवारी लेख छापायला जाणार होता. पहिल्यांदाच तिचं नाव सगळ्यांत वर.

बुधवारी जेवताना तिने बाबांना नकाशा दाखवला. बाबांचा जन्म भिंती रंगवण्यात गेलेला.

"हाच डाग का गं?"

"सगळ्यांत विचित्र हाच दिसला म्हणून."

"आणि त्या खोट्या आकाशांना विचारलंस का, तुमच्यात विचित्र काय ते? गिऱ्हाईक असंच करतं. आख्खी भिंत चाळतं, एक फुगवटा हुडकतं आणि म्हणतं, नेमका इथेच कसा आला?"

"बाबा, जेवा हो तुम्ही."

पण घास तिच्याच हातात राहिला. डागाचा आकार तिने खरं आकाश बघून ठरवला होता आणि खोट्यांवर तोच लादला होता. नकळत का होईना, लबाडीच ती.

गुरुवारी तिने प्रत्येक आकाशाला मोकळीक दिली: आकार कुठलाही चालेल, तुझा सगळ्यांत विचित्र डाग दाखव. संध्याकाळी आकडा आला. हजारात एकशे ऐंशी आकाशांत तितकाच विचित्र डाग होता!

"सर, आपला डाग काही खास नाही," ती पडेल आवाजात तिच्या मार्गदर्शकांना म्हणाली.

सरांनी आकडे दोनदा पाहिले. "घरातच कळलं ते बरं. बाहेरच्यांनी दाखवलं असतं तर तोंड लपवावं लागलं असतं. आता हेच लिही. लेख महिनाभराने जाईल."

"आणि माझं नाव?"

"वरच. चूक तूच पकडलीस ना?"

"बाबांनी."

"मग शेवटी त्यांचे आभार मान. बारीक अक्षरांत."

ताई हसतच घरी आली. बाबांनी बातमी ऐकली आणि कॉलर ताठ केली. "म्हणजे डागाचा विषय संपला?"

"छे! सहज पडू शकतो एवढंच कळलं. सहजच पडलाय, असं कुठे?"

त्या उजेडाच्या लहरी कुठल्या दिशेने थरथरतात, याचाही एक नकाशा असतो. डागामागे खरंच काही असेल, तर त्याची खूण तिथेही उमटलेली असू शकते. तिने तो अजून उघडलेला नाही. या वेळी काय शोधायचं ते आधी लिहून ठेवतेय. त्या नकाशात, नेमक्या त्याच जागी, काही वेगळं दिसेल का?