पाटीखाली बसायची अट

अमेरिकेतल्या आमच्या नोव्हाय गावात मराठी बायकांना गाडी कोण शिकवतं असं विचारलंत, तर एकच उत्तर मिळतं: नवरा. हे उत्तर धादांत खोटं आहे. इथले निम्मे नवरे मोटार कंपन्यांमध्ये ब्रेक नाहीतर गिअरबॉक्स डिझाइन करतात, पण बायको स्टिअरिंगवर बसली की यांचा स्वतःचा तोल सुटतो. पहिल्या रविवारी आरडाओरडा, दुसऱ्या रविवारी अबोला, आणि मग बायको गुपचूप सुजाता गजभियेला फोन करते.

सुजाता माझी शेजारीण. नागपूरला ज्युनियर कॉलेजात फिजिक्स शिकवायची. लग्न होऊन इथे आली आणि व्हिसाच्या भानगडीत कित्येक वर्षं तिला कामाची परवानगीच नव्हती. वर्गात पोरांना गप्प बसवणारी ही बाई घरात बसून स्वतःच गप्प होत गेली, मी डोळ्यांनी पाहिलंय. वर्क परमिट हातात पडलं तसा तिने कोर्स केला, स्टेटचं लायसन काढलं, शिकवणाऱ्याच्या पायाशीही ब्रेक असलेली गाडी घेतली आणि छपरावर पाटी लावली: गजभिये ड्रायव्हिंग स्कूल.

शिकवते छान. आवाज चढत नाही. "स्टॉप साइन आहे, पूर्ण थांबा. मागचा हॉर्न देतोय? देऊ द्या, त्याला घाई आहे, आपल्याला नाही." तिच्याकडे शिकलेल्या बायका टेस्ट पास होतात, बर्फातसुद्धा गाडी काढतात. तरी धंदा वाढेना. मैत्रीण आणा, एक लेसन फ्री, असंही तिने सांगून पाहिलं. एकीनेही मैत्रीण आणली नाही. असले धंदे एकीने दुसरीला सांगितल्यावर चालतात, आणि इथे तर प्रत्येकीने 'ह्यांनीच शिकवलं' असं सगळीकडे सांगून ठेवलेलं. नवऱ्याची शान राखायची ना!

सुजातानेही आधी सांभाळून घेतलं. लेसनला निघताना पाटी काढून डिक्कीत टाकायची. बायकांना घरून न घेता लायब्ररीच्या पार्किंगमधून घ्यायची. भीड भिकेची बहीण, असं मी तिला तोंडावर सांगितलं. ती नुसती हसली. पण तिचा नवरा बुद्धभूषण, भला माणूस, तोही एकदा म्हणालाच, "एप्रिलपर्यंत बघू. नाही जमलं तर गाडी विकू. मित्राच्या ऑफिसात डेटा एंट्रीचं काम आहे तुझ्यासाठी." त्या दिवशी तिचा चेहरा मला बघवला नाही.

फेब्रुवारीत सुजाताकडे शिकणारी रीमा टेस्ट पास झाली. नेहमीप्रमाणे श्रेय तिच्या नवऱ्याला, प्रसादला मिळालं. पण या वेळी गंमत झाली. प्रसादची ख्यातीच पसरली. "यार प्रसाद, माझ्या बायकोलाही शिकव ना," म्हणून मित्र मागे लागले. नाही म्हणायची सोय उरली नाही. त्याने उल्हासच्या बायकोला, उत्तराला, घेऊन एक फेरी मारली, तर पहिल्याच वळणावर कुणाची तरी मेलबॉक्स आडवी झाली.

दुसऱ्या दिवशी स्वारी सुजाताच्या दारात. मी विरजण मागायला गेले होते, म्हणून सगळं ऐकलं.

"सुजाताताई, चार-पाच जणी आहेत. मी तुमच्याकडे पाठवतो. फक्त असं म्हणू की शिकवतोय मीच, तुम्ही जरा हेल्प करताय. आणि ती पाटी तेवढी नको."

मी सुजाताला कोपराने ढोसलं. अगं, घे! शाळा वाचते आहे.

"नाही," सुजाता म्हणाली.

"पण ताई, तुमचाच फायदा आहे."

"प्रसाद, माझ्या बाबांना नागपुरात लोक सांगायचे, दुसरं आडनाव सांगा, खोली लगेच मिळेल. ते वणवण फिरले, पण आडनाव तेच सांगितलं. आणि मी इथे येऊन स्वतःच्या शाळेची पाटी डिक्कीत टाकते! मलाच लाज वाटते आता. उद्यापासून पाटी छपरावरच राहील. जिला शिकायचंय तिने पाटीखाली बसायचं, आणि कोणी विचारलं तर माझं नाव सांगायचं. एवढीच अट आहे."

प्रसाद चहा न घेता गेला. सुजाताने अट सगळ्यांना कळवली, तशा शिकायला येत होत्या त्या दोघींनीही लेसन कॅन्सल केले. ती मात्र रोज सकाळी पाटी लावून टेन माइल रोडवरून रिकामी गाडी फिरवून आणायची. मला संताप आला. रीमाच्या मुलीचा, सियाचा, वाढदिवस होता. "तिथे सगळ्यांसमोर मीच सांगते," मी म्हटलं.

"काकू, तुम्ही नाही बोलायचं. तुम्ही कुठे शिकलात माझ्याकडे? तुम्ही सांगितलं तर ती जाहिरात होईल. जी शिकली तिने सांगितलं तरच दुसरीला धीर येतो."

माझ्या तोंडाला कुलूप! वाढदिवसाला क्लबहाउसमध्ये मी कशी बसले होते ते माझं मला माहीत.

पावभाजी खाता खाता उल्हास मोठ्याने म्हणाला, "प्रसाद, उत्तराचं लेसन नेक्स्ट संडेला ना?"

"बघू ना यार, ऑफिसमध्ये जरा..." प्रसाद चाचरला.

"राहू दे," उत्तरा हळूच म्हणाली. "माझ्याच्याने नाही होणार. मी सोडून दिलंय ते."

रीमा केक कापत होती. तिने सुरी खाली ठेवली.

"असं नको म्हणू गं. मीही रडून हेच म्हणाले होते. प्रसादने नाही शिकवलं मला. या सुजाताताईंनी शिकवलं."

मग कोपऱ्यातून गिरिजा म्हणाली, "मलाही त्यांनीच." मोनाली तिच्याकडे बघतच राहिली. "तू पण? मला वाटलं मी एकटीच!" दोघींचे नवरे आपापल्या पेपर प्लेटमध्ये काहीतरी शोधू लागले.

"डॅड, यू लाइड?" सियाने विचारलं.

"हो बेटा," प्रसाद म्हणाला. कान लाल झाले होते, पण म्हणाला. "मी दोन रविवारांत हरलो होतो."

हशा पिकला. सुजाता हसली नाही. तिचे डोळे भरले होते आणि हातातला पाव तसाच होता. उत्तरा उठून तिच्याजवळ गेली, म्हणाली, "ताई, मी फार घाबरट आहे. मला घ्याल?"

"मंगळवारी सकाळी तुमच्या दारात येते," सुजाता म्हणाली.

उत्तराला वेळ लागला. उजवीकडे वळताना ती डोळे मिटायची, म्हणजे बघा! तोवर रीमाने दोन मैत्रिणी पाठवल्या, गिरिजाने जाऊबाई पाठवली, आणि गाडी विकायचा विषय बुद्धभूषणने पुन्हा काढला नाही. मे महिन्यात उत्तरा पास झाली. त्या दुपारी सुजाता थेट माझ्या स्वयंपाकघरात आली आणि खुर्चीत बसून रडायला लागली.

"अगं, पास झाली ना ती? मग?"

"काकू, गाडीत बसल्या बसल्या तिने सांगलीला सासूबाईंना फोन लावला. त्यांनी विचारलं, उल्हासने शिकवलं का गं? तर म्हणाली, नाही आई, सुजाता गजभिये म्हणून आहेत, त्यांनी शिकवलं. आडनावासकट सांगितलं, काकू. आणि सासूबाई म्हणाल्या, माझी भाचीही तिकडेच आलीये, त्या बाईंचा नंबर पाठव."