क्षमाकाकूंचा स्वेटर परदेशी जातो

आमच्या बोरीवलीच्या सोसायटीत एक अलिखित कायदा आहे. परदेशी जाऊन येणाऱ्याने पुढच्या रविवारी हॉलमध्ये फोटो दाखवायचे, ‘परदेशाने मला काय दिलं’ यावर बोलायचं आणि सगळ्यांना बटाटेवडे खिलवायचे. गर्दी अर्थातच वड्यांना होते. दुसऱ्या मजल्यावरचे चंद्रप्रकाश युरोपवर बोलले, त्यातला निम्मा वेळ तिथल्या स्वच्छतागृहांवर. तरी एकही वडा उरला नाही.

या कायद्याला वर्षानुवर्षं पुरून उरलेला माणूस म्हणजे माझे शेजारी, नंदकिशोर परुळेकर. आमचे नंदूकाका. त्यांच्या मते जगात बघण्यासारखं जे काही आहे ते बोरीवलीत आहे. डोंगर? नॅशनल पार्क. जंगल? नॅशनल पार्क. लेणी? तीही तिथेच. मुलुंडला लग्नाला जायचं तर हा गृहस्थ शेजाऱ्यांचा निरोप असा घ्यायचा, की आम्हालाच भरून यायचं.

क्षमाकाकूंचा मामला उलटा. मुलगी गंधाली नोकरीसाठी तोक्योला गेली, तसा काकूंनी पासपोर्ट काढला आणि एक जांभळा स्वेटर विणला. बोरीवलीत स्वेटर! दर दिवाळीला तो गच्चीत उन्हात पडायचा. मी विचारायचो, “काकू, हा कुठे निघाला?”

“जपानला. माझं ठरत नाही रे. पण हा जाणार.”

“पुढच्या वर्षी बघू,” आतून नंदूकाका ओरडायचे.

पुढच्या वर्षी काकूच गेल्या. झोपेत, काही न बोलता.

दहाव्याला पिंडाला कावळा शिवेना. एरवी आमच्या नाक्यावरचे कावळे वडापावचा कागदसुद्धा सोडत नाहीत. त्या दिवशी मात्र झाडावर रांगेने बसून राहिले, पाहुण्यांसारखे. नंदूकाका हात जोडून एकेक कबूल करत गेले. गंधालीला अंतर देणार नाही. गोळ्या वेळेवर घेईन. स्वयंपाकघराची लादी बदलेन. कावळे ढिम्म. गुरुजींना पुढचं काम होतं. त्यांनी पिशवीतून दर्भाचा कावळा काढला, पिंडाला टेकवला आणि विषय संपवला.

नंदूकाकांचा विषय मात्र तिथे सुरू झाला.

दुसऱ्या दिवसापासून त्यांच्या स्वयंपाकघराच्या ग्रिलवर एक कावळा यायला लागला. सकाळच्या चहाला. काकांनी पोळी ठेवली, भात ठेवला, शेव ठेवली, काकूंना आवडणारं आम्रखंडसुद्धा वाटीतून ठेवलं. कावळा कशाला चोच लावायचा नाही. मान तिरकी करून नुसता काकांकडे बघायचा. मी स्वतः पाहिलंय. आधी हसलो, मग त्याने माझ्याकडे पाहिलं आणि माझा चहा तसाच राहिला.

काकूंचा कप काका रोज भरत होते. स्वेटर आतल्या खोलीत दाराला टांगलेला होता. काका कुजबुजले, “अरे, पंखा बंद असला तरी बाही हलते.”

“काका, खिडकी उघडी असेल.”

“बंद असते. मी बघतो ना रोज. तिला काहीतरी हवंय आणि ते मी बोललोच नाही दहाव्याला. मला माहीत होतं रे काय ते. बोललो असतो तर जावं लागलं असतं.”

त्या आठवड्यात त्यांनी गंधालीला फोन केला. मुलुंडला घाबरणारा माणूस विमानात बसला. मांडीवर जांभळा स्वेटर.

महिन्याने परतले. रविवारी हॉल भरला, वडे आले. काकांकडे एकही फोटो नव्हता.

“बोला काका, परदेशाने काय दिलं?” चंद्रप्रकाशनी माइक पुढे केला.

“आधी हरवलो,” काका म्हणाले. “गंधाली ऑफिसला गेली आणि मी दूध आणायला निघालो. सगळ्या गल्ल्या सारख्या. एका आजीबाईंनी भाजीचं दुकान तसंच टाकलं आणि मला घरापर्यंत सोडलं. तिला माझं कळेना, मला तिचं. पण मी वाटभर क्षमाबद्दल बोलत होतो. मोठ्याने, मराठीत. इथे बोललो की तुम्ही लोक डबे पाठवता. ती नुसती ऐकत होती. मग रोज एकटाच फिरायला लागलो. या वयात कळलं, आपल्याला फिरता येतं.”

हॉलमध्ये कोणी वडा चावत नव्हतं.

“तिकडे कावळे आहेत. कोंबडीएवढे. झाडांना गुलाबी फुलं आली होती, सगळे फुलं बघत होते, मी कावळे. बागेत बाकावर स्वेटर पसरला आणि त्यावर बेसनाचा लाडू ठेवला. गंधाली म्हणाली, ‘बाबा, उचल तो. इथे कावळ्यांना खायला घालायचं नाही, केवढी पाटी लावलीय!’ मी म्हटलं, तुझ्या आईचं काम आहे, थांब. हात जोडले आणि म्हटलं, क्षमा, आणलं गं तुला. उशीर झाला.”

काका पाणी प्यायले.

“एक उतरला. लाडवाकडे बघितलंसुद्धा नाही. स्वेटरवर उभा राहिला, बाहीची लोकर चोचीत धरली आणि ओढायला लागला. जांभळा धागा हा एवढा लांब उसवत आला. तो तोडला आणि झाडावर गेला. परत आला, परत ओढला. गंधाली रडायला लागली. म्हणाली, ‘बाबा, घरटं बांधतोय.’ मी स्वेटर तिथेच ठेवणार होतो, पण तिने उचलायला लावला. तिथे कचरा टाकत नाहीत म्हणे.”

कोणीतरी हसलं. काकाही हसले. टाळ्या पडल्या, वडे संपले. आपल्या नंदूकाकांची शांती झाली म्हणून आम्ही सगळे खुशीत घरी गेलो.

दुसऱ्या सकाळी मी त्यांच्याकडे चहाला गेलो. ग्रिलवर कावळा होता. समोर पोळीचा तुकडा, आणि तो गपागप खात होता.

“काका! खातोय की!”

“आल्यापासून सगळं खातो. शेवसुद्धा.”

“मग झकास झालं! सुटल्या काकू.”

“हो ना.” काकांनी सवयीने दुसरा कप भरला आणि तो हातातच धरून उभे राहिले. आतल्या दारावर एका बाहीचा स्वेटर लटकत होता. पंखा गरगर फिरत होता, तरी तो जागचा हलत नव्हता.

कावळ्याने तुकडा संपवला, चोच ग्रिलला पुसली आणि आमच्याकडे पाठ करून बसला.

“ए,” काका हळूच म्हणाले. “बघ ना जरा इकडे.”

कावळा उडून गेला.