पलंग मोकळा आहे

हँडल मी फिरवलं. पलंगाचं डोकं वर आलं आणि बायको बसती झाली. तिनं केस आधीच विंचरून घेतले होते, कुंकू लावलं होतं. मांडीवर वॉकरच्या पायाला लावायचं काळं रबर घेऊन ती माझी वाट पाहत होती.

"अवो, फोन आडवा धरा. पलंग आडवा, अन् तुम्ही फोन उभा धरून राहिले."

"सून म्हणते उभाच धरा लागते आजकाल."

"सुनेचं सुनेपाशी. आडवा धरा, अन् अंगठा काढा समोरून."

मी आडवा धरला. ती फोनकडे पाहून बोलली, दुकानदार गिऱ्हाइकाशी बोलतो तशी. "हे वॉकरचं रबर. हे झिजलं की म्हातारा माणूस न्हाणीत घसरते. आमच्या सगळ्या वॉकरचे रबर झिजले आहेत. ज्याले जमते त्यानं रबर पाठवा. ज्याले वॉकर पाहिजे त्यानं घेऊन जा, आम्ही भाडं घेत नाही."

बस, एवढंच. मग चहा झाला. दोन घोट घेऊन म्हणाली, साखर कमी आहे. साखर बरोबर होती, तिची जीभ गेली होती. पण मी अजून अर्धा चमचा टाकला.

दोन दिवसांनी ती गेली. दहाव्याला घरात पाहुणे बसलेले, आणि दारात कुरियरचा पोरगा पार्सल घेऊन उभा. रबर आले होते. एक पाहुणी म्हणाली, अशा दिवशी कसलं सामान मागवता? मी म्हटलं, मी नाही मागवलं, तिनं मागवलं. पुढेही रबर येतच राहिले.

रायपुरातली आमची संस्था लहान. वर्गणी काढून नोंदवलेली, काम एकच: आजारपणाचं सामान लोकांना वापरायला देणं. पलंग, व्हीलचेअर, कमोडची खुर्ची, हवेची गादी. गरज संपली की परत आणायचं. मी रेल्वेत वॅगन दुरुस्तीला होतो, म्हणून सामानाची दुरुस्ती माझी. बोलणं तिचं. सामान समता कॉलोनीत एका डॉक्टरांच्या दवाखान्यामागच्या खोलीत असतं. खोली त्यांनी फुकट दिली, बोली एवढीच की काम चालू पाहिजे.

फेसबुक, व्हॉट्सॲप, ते रील की काय, सगळं सुनेनं सुरू करून दिलं. तिची नोकरी नवा रायपूरला. जाता-येता बसमध्ये बसून पेज सांभाळते. मराठी सगळं समजते, उत्तर हिंदीत देते. पण पेजवर काय जायचं ते बायको ठरवायची. रोग्याचं तोंड दाखवायचं नाही. रडून मागायचं नाही. वस्तू दाखवायची, तिचं काय मोडलं ते सांगायचं. ती म्हणे, "रडून मागितलं का लोक एकदा देते अन् मग आपल्याले पाहून रस्ता बदलते." स्वतः शेवटचे महिने त्याच पलंगावर होती, पण पाहणाऱ्यांना वाटे बाई सामान दाखवायला पलंगावर बसते.

तेरवी झाली आणि सुनेनं पोस्ट टाकली. सासूचा हार घातलेला फोटो, खाली पैसे पाठवायचा चौकोनी कोड, आणि "इनका सपना अधूरा न रहे" असं काहीतरी. मी अडवलं नाही. त्या दिवसांत मी कशालाच अडवत नव्हतो.

चार दिवसांनी ती खूश होऊन आली. "बाबा, देखिए, इतने लोगों तक तो कोई पोस्ट कभी नहीं पहुँची."

मी पाहिलं. खालीवर सगळे जोडलेले हात. ॐ शांती. विनम्र श्रद्धांजली. पणत्या. पार नागपूरपर्यंत लोकांनी हात जोडले होते.

"अन् पैसे?"

"आएँगे बाबा."

"अन् फोन काहून वाजून नाही राहिला?"

पूर्वी तो फोन जेवू देत नसे. आता माशा मारत पडला होता.

उत्तर मला तेलीबांध्याच्या तलावावर मिळालं. सकाळी फिरताना एक ओळखीचा भेटला, बापासाठी नवी व्हीलचेअर विकत घेऊन बसलेला. म्हटलं, "बावा, आपल्याकडे चार पडल्या आहेत, विकत काहून घेतली?"

तो चाचरला. "भाऊजी, आम्हाले वाटलं संस्था बंद झाली. ताईच गेल्या ना. अन् दुखवट्याच्या घरी कमोडची खुर्ची मागाले जाईन कोण?"

तेव्हा डोक्यात उजेड पडला. आपल्या लोकांना हार घातलेला फोटो दिसला की हात जोडायचे आणि पुढे जायचं. हाराखाली काय लिहिलं ते कोणी वाचत नाही. आम्ही पैसे मागितले नव्हते, दुकान बंद झाल्याची पाटी लावली होती.

त्याच दिवशी डॉक्टरांनी बोलावलं. माणूस वाईट नाही. "काका, कमरा मैंने काकी के काम के लिए दिया था. महीने भर से कोई आता-जाता नहीं. मेरी लैब की मशीन बरामदे में पड़ी है. काम बंद है तो महीने के आखिर तक खाली कर दीजिए."

"काम बंद नही है," मी म्हटलं.

"तो दिखना चाहिए न काका."

खरं बोलले.

संध्याकाळी सुनेला सांगितलं. ती घाबरली. पेज तिचं, तिलाही लागलं होतं. म्हणाली, "मेरे पास मम्मी की एक और फोटो है. आखिरी हफ्ते की, नली वाली. वो डालेंगे तो लोग ज़रूर देंगे."

"नाही."

"तो आप ही बताइए, क्या डालें?"

"वस्तू टाक. ते वस्तूच टाकत होती."

"कौन सी वस्तु, बाबा?"

बोलता बोलता तिची नजर बैठकीतल्या पलंगाकडे गेली. माझीही गेली. त्यावर माझे टॉवेल वाळत होते. दुसऱ्यांकडे सामान अडकलं की बायको फोन करायची: "काम झालं असन तं पाठवून द्या, दुसऱ्या घरी माणूस खाली निजून आहे." मला फोन करणारं कोणी उरलं नव्हतं. हँडल तर मी उशाशी घेऊन झोपत होतो.

"ये भी तो संस्था का है न," सून हळू आवाजात म्हणाली.

"हव," म्हटलं, आणि जेवायला बसलो.

सकाळी उठून पलंग ओढत अंगणात नेला. फिनाईलनं धुतला, पुसला, उन्हात ठेवला. हँडलच्या दात्यांना तेल दिलं. सून खांद्याला पर्स लावून निघालीच होती. म्हटलं, "फोन धर."

"क्या बोलेंगे आप?"

"जे आहे ते."

बोललो. "हा पलंग. माही बायको यावर होती, यावरच गेली. आता धुतला आहे. पलंग मोकळा आहे. ज्याच्या घरी माणूस खाली निजून आहे त्यानं घेऊन जा. गादी फाटली आहे, ज्याले जमते त्यानं गादी द्या. ते गेली, संस्था चालू आहे. सामान आता मी देतो." मग हँडल फिरवलं. रिकाम्या पलंगाचं डोकं वर आलं. थोडा वेळ तसंच ठेवून खाली केलं.

"बाबा, वो मरने वाली बात काट दूँ? ऐसा पलंग कोई घर में नहीं लेता."

"सगळेच असे पलंग नेते, पोट्टे. फक्त सांगत कोणी नाही. टाक."

तिनं पायरीवर बसूनच टाकलं. मी पाहिलं, फोन तिनं आडवा धरला होता.

तिची बस चुकली. दुसरीची वेळ पाहत ती अजून पायरीवरच होती, तर फोन वाजला. पंडरी मोहल्ल्यातून एक बाई बोलत होती. सासू पडली, कंबर गेली, फरशीवर गादी टाकून निजवली आहे, उठवता येत नाही.

"काका, वो पलंग किसी को दिया तो नहीं न?"

"नही दिया."

"जिस पर आंटी थीं, वही न? ऊपर होने वाला?"

"वहीच. हँडल साथ में है. गादी अपनी लाना पडेगा, आमची फाटली."

"मेरे पास नई है, काका. हमारा काम हो जाए तो वो भी रख लेना."

चौकातून सामानाचा ऑटो बोलावला. लोक हँडल हरवतात, म्हणून बायको ते सुतळीनं पायाला बांधून द्यायची. मीही बांधलं, दोन गाठी मारल्या. मग सुनेला म्हटलं, पायाकडून उचल.

"बाबा, ऑफिस?"

"कळवून दे, उशीर होते म्हणून."

तिनं पर्स पायरीवर ठेवली आणि पलंगाला हात लावला.